मॉल्टबींचा दोर

दोर नाही तर लग्न नाही. मॉल्टबींच्या घरातली पोरं बोलायला लागली की दूध आणि आई ह्यांच्या पाठोपाठ हे वाक्य शिकतात. व्हर्न काकांच्या बैठकीच्या खोलीत शेकोटीवरच्या फळीवर काचेची पेटी आहे, आणि तिच्यात दोन हात लांबीचा काळपट दोर आहे. पिळात एक लाल लोकरीचा धागा, एका टोकाला फासाची गाठ, दुसरं टोक चाकूनं कापलेलं. मूळपुरुष एझ्रा मॉल्टबी इंग्लंडहून निघाला तेव्हा समुद्रात वादळ झालं. त्यानं ह्या दोरानं स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं आणि जीव वाचवला, अशी कथा. म्हणून घरात लग्न लागताना नवरा-नवरीला हाच दोर. फास नवरीच्या मनगटात, मोकळं टोक नवऱ्याच्या मुठीत. असंच का, हे कुणी विचारलं नव्हतं. रीत म्हटली की अक्कल गहाण टाकायची, हे विस्कॉन्सिनातही चालतं.

डार्लीनचं लग्न ह्याच दोरानं लागलं होतं, तिच्या आईचंही. आता तिच्या लेकीचं, केंड्राचं लागायचं होतं, जुलैच्या शेवटच्या शनिवारी, व्हर्न काकांच्याच शेतावर. त्याच दिवशी सगळ्या मॉल्टबींचा मेळावा. एरवी डार्लीन शाळेची बस चालवते, पण शाळेला सुट्टी. काकांनी बसल्या बसल्या काम लावून दिलं होतं. "तुझा हात चालतो त्या कॉम्प्युटरवर. एझ्राच्या वंशाचा तक्ता कर, छान मोठा. मांडवात लावू."

तर डार्लीननं नळीत थुंकून नळी डीएनए तपासायला पाठवली, आणि महिन्याभरात इंग्लंडातल्या लिंकनशरच्या एका बाईशी रक्त जुळल्याचं कळलं. मॉरीन लेगट. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेली, सत्तरी उलटलेली. बुधवारी सकाळी दोघी कॉम्प्युटरच्या पडद्यावर समोरासमोर बसल्या. मॉरीनच्या मांडीवर एक म्हातारं कुत्रं होतं.

"म्हणजे तू एझ्राची," मॉरीन म्हणाली. "हा पण एझ्राच बघ. आमच्या घरात कुत्र्याचं नाव एझ्राच ठेवतात. हा चौथा."

डार्लीनला हसू आलं. "आमच्याकडं त्याचा फोटो भिंतीवर आहे, आणि तुम्ही कुत्र्याला नाव देता?"

"कुत्र्यानं काही मनावर घेतलं नाही."

"पण आपलं रक्त जुळतं कसं? एझ्राला इंग्लंडात मूल नव्हतं. पहिली बायको होती म्हणतात, ती तापानं गेली. मग तो इकडं आला, इथं लिडियाशी लग्न केलं. आम्ही सगळे लिडियाचे."

मॉरीननं कपातला चहा संपवला. सांगावं की नको असं तिच्या चेहऱ्यावर जराही नव्हतं. इतकी वर्षं कुणीतरी विचारायची वाट बघत बसल्यासारखी ती सावरून बसली.

"कसला ताप गं? केझाया तिचं नाव. आमची खापरपणजी. धडधाकट बाई, नव्वदीला टेकून मेली. एझ्रानं तिला विकली."

"विकली म्हणजे?"

"विकली म्हणजे विकली. गुरांच्या बाजारात. गळ्यात दावं घालून नेली, फाटकावर गाईचा पडतो तेवढा कर भरला, दगडावर उभी केली आणि बोली लावली. टॉम लेगटनं घेतली, पाच शिलिंग आणि वर एक सुरई बिअर. कडेवर दोन वर्षांची हॅना होती, एझ्राचीच पोर. तिची वेगळी बोली लागली नाही. वरताळ्यात गेली ती. त्या हॅनाची मी."

वरताळ्यात. भाजीवाली दोन मिरच्या फुकट टाकते तशी. डार्लीनच्या हातातला कप टेबलावर जरा जोरातच टेकला.

"असं कसं चालत होतं? कायदा काही होता की नाही?"

"कायद्यानं नव्हतंच चालत. पण गरिबाला काडीमोड परवडायचा कुठं? तो साहेबलोकांचा कारभार. मग लोकांनी आपलं ठरवलं होतं, भर बाजारात, चार माणसांदेखत, दाव्यानिशी विकली की सुटली. काही बायका राजीखुशीनं जायच्या, आवडीच्या माणसाकडं. आमची नव्हती राजी. रस्त्यात आडवी पडली होती म्हणे. टॉम लेगट माणूस बरा निघाला, पण ते तिचं नशीब. त्यात एझ्राचं पुण्य नाही." मॉरीन वाकली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा वर काढला. "आणि दाव्याशिवाय तो सौदा खरा धरत नसत. सौदा झाला की दावं कापायचं. गळ्यातला फास विकणाऱ्याकडं, म्हणजे मी सोडली ह्याची खूण. हातातलं टोक घेणाऱ्याकडं. हे बघ आमचं टोक. केझायानं जन्मभर डुकरीण बांधली ह्याच्यानं. अजून वास येतो."

डब्यात दोराचा मळकट तुकडा होता. पिळात लाल लोकरीचा धागा.

डार्लीनचं डोकं त्या एका वाक्यावर अडकलं होतं. दोर नाही तर लग्न नाही. अरे, बरोबरच आहे की. एझ्रा इथं आला, लिडियाच्या बापाकडं मागणी घातली, बापानं विचारलं असेल, तिकडं बायको आहे का? मेल्यानं खिशातून फास काढून दाखवला असेल. हा बघा दोर, मी मोकळा. दोर नसता तर लिडियाशी लग्न नव्हतं. खरंच बोलत होता तो. आणि पुढच्या शहाण्यांनी ते वाक्य उचललं आणि आपल्या लेकीबाळींच्या मनगटात बाईच्या गळ्यातलं दावं अडकवलं, वर टाळ्या वाजवल्या.

तिनं आपलं उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं होतं. मॉरीननं पडद्यावरून विचारलं, "बाई गं, बरी आहेस ना?"

"नाही," डार्लीन म्हणाली.

ती तशीच गाडी काढून व्हर्न काकांच्या शेतावर गेली. अंगणात बर्निस काकू डुकरांच्या वाड्याच्या फाटकाशी झटापट करत होती. कडी तुटल्याला वर्ष झालं होतं. काकू रोज एक वीट लावायची, डुकरं रोज ती ढकलायची.

"तुझ्या काकाला सांग बाई," काकू म्हणाली. "माझं ऐकू येत नाही त्याला. पंचावन्न वर्षं झाली, कान गेलाय त्याचा, पण फक्त माझ्या बाजूचा."

काका शेडमध्ये गवताच्या गाठी बांधायच्या यंत्राला तेल घालत होते. ऐंशी उलटली तरी हात स्थिर. डार्लीननं दारातूनच सुरुवात केली.

"काका, एझ्राची पहिली बायको तापानं गेली नव्हती."

ह्यावर कुणीही काय विचारेल? मग कशानं गेली, असं विचारेल. व्हर्न काकांनी ते विचारलंच नाही. त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली आणि दाराकडं बघितलं.

"हळू बोल. बर्निस बाहेर आहे."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते डार्लीनला तिथं कळलं. "तुम्हाला माहीत होतं."

"घरातल्या थोरल्याला सांगतात. बाबांनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या बाबांनी. बायकांना कशाला ते? जुनी गोष्ट. तेव्हाची माणसं तशी होती."

"बायकांना कशाला? दावं कुणाच्या हातात घालता तुम्ही, घोड्याच्या?"

"दोर म्हण. आमच्या घरात दोर म्हणतात." काकांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढायचा नाही. त्याचाच जास्त राग यायचा. "आणि काय वाईट झालं गं? ह्या दोरानं बांधलेली एक तरी जोडी सुटलीय का? दाखव मला."

हे वाक्य डार्लीननं आधी एकदा ऐकलं होतं. ती नऊ-दहा वर्षांची होती. तिची आई, आयोनी, ओठ फुटलेला, सामानाची बॅग दाराशी, आणि बाप गोठ्यात जाऊन बसलेला. तेव्हा काका ती काचेची पेटी घेऊन आले होते. त्यांनी पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली होती आणि असंच शांतपणानं म्हणाले होते, ह्या दोरानं बांधलेली एकही जोडी सुटलेली नाही, आयोनी. तू पहिली होणार का? आईनं बॅग परत आत नेली. पुढची वीस वर्षं ती दोराला जागली. बाप दारू पीत राहिला आणि हात उचलत राहिला, आणि आई मेली तेव्हा काकांनीच चर्चमध्ये सांगितलं, की ही खरी मॉल्टबी बाई.

"माझ्या आईपुढं ती पेटी आणून ठेवलीत," डार्लीन म्हणाली, "तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

काकांनी बुधली परत उचलली. "तुझा बाप माझा भाऊ होता. घर मोडू द्यायचं का मी?"

"माहीत होतं की नाही, एवढंच सांगा."

"होतं."

आपल्याकडं म्हणतात, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. व्हर्न काकांना ती म्हण ठाऊक असायचं कारण नाही, पण त्यांनी नेमकं तेच सुनावलं. तक्ता लिडियापासून कर. शोभेल असं कर. चारशे माणसं येणार, पोरीच्या लग्नात उकिरडा उपसू नको. आणि दोर मीच बांधणार, नेहमीसारखा. डार्लीननं गाडीचं दार आपटलं आणि निघाली.

तिला दोर शेकोटीत टाकायचा होता. पण लग्न तिचं नव्हतं. केंड्राला सहा वर्षांची असल्यापासून त्या दोराचं वेड. बाहुल्यांची लग्नंसुद्धा सुतळीनं लावायची. म्हणून त्या संध्याकाळी डार्लीननं लेकीला बसवून सगळं सांगितलं, केझाया, हॅना, बाजार, आयोनी आजीपुढची पेटी, काही राखून न ठेवता.

केंड्रा लग्नाच्या झग्याला आत टाके घालत होती. तिनं सुई खुपसून ठेवली.

"आई, तू हे माझ्या लग्नाच्या दोन आठवडे आधी सांगतेस."

"मला आजच कळलं. कधी सांगू, बारशाला?"

"आजीचं वाईट झालं. मला कळतं. पण ते आजोबांच्या दारूमुळं झालं, दोरामुळं नाही. दीडशे वर्षं आपण त्याला वेगळा अर्थ दिला. आता तो आपला आहे."

"अर्थ दिला म्हणे. बाईच्या गळ्यातलं दावं आहे ते, केंड्रा. रस्त्यात आडवी पडली होती ती."

"आणि व्हर्न आजोबांना माहीत होतं हे मी मानणार नाही. तू रागात असलीस की काहीही ऐकतेस. माहीत असतं तर त्यांनी मला लहानपणी मांडीवर बसवून तो दोर हातात दिला नसता. ते तसे नाहीत."

"मग विचार त्यांना."

"मी लग्नात कुणाची उलटतपासणी घेणार नाहीये. आणि तूही नाही. वचन दे. त्या दिवशी तू तोंड उघडायचं नाहीस."

डार्लीननं वचन दिलं. आपलेच दात, आपलेच ओठ. रात्री नवरा गस म्हणाला, "पोरीचा दिवस आहे, जाऊ दे," आणि डार्लीननं त्याच्याकडं अशी नजर टाकली, की तो उशी घेऊन कोचावर गेला. तक्ता मात्र तिनं लिडियापासून केला नाही. लिडियाच्या वर केझायाची ओळ कोरी सोडली आणि गुंडाळून गाडीत ठेवून दिला. एवढंच तिच्या हातात होतं.

शनिवारी ऊन चांगलं पडलं होतं. गवत कापून साफ केलेल्या शेतात चर्चच्या घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, मागं सॉसेजच्या भट्ट्या पेटल्या होत्या, बिअरची पिंपं बर्फात होती. पहिल्या रांगेत डार्लीन, तिच्या शेजारी बर्निस काकू, निळ्या झग्यात, मांडीवर पर्स. पाद्रीबाईंनी वचनं म्हणवून घेतली. मग सगळे उठून उभे राहिले, आणि व्हर्न काका काचेची पेटी घेऊन पुढं आले. म्हाताऱ्या बायकांनी आत्तापासूनच डोळे पुसायला घेतले होते.

डार्लीननं दातांनी ओठ धरून ठेवला होता. खारट लागत होतं.

"दोर नाही," काका म्हणाले.

"तर लग्न नाही," चारशे माणसं म्हणाली.

त्यांनी मोकळं टोक नवऱ्या मुलाच्या, डिलनच्या मुठीत दिलं. पोरगा लाजत हसला. मग फास रुंद केला आणि केंड्राच्या हाताकडं नेला. केंड्रानं हात पुढं केला होता. फास बोटांवरून आत आला, आणि तिनं हात मागं घेतला.

"आजोबा, आज हे टोक डिलनच्या हातात घाला ना. मी ते धरते."

खुर्च्यांमधून हशा पिकला. कुणीतरी मागून म्हणालं, "सांभाळ रे डिलन, आत्तापासूनच लगाम." डिलननं खरंच हात पुढं केला.

"नाही, नाही," काका हसले. "तसं नसतं बाळा. फास बाईकडंच."

"का पण?"

"पहिल्यापासून तसंच आहे."

केंड्रा त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच हवं होतं, की आजोबांनी कपाळाला आठ्या घालून म्हणावं, पहिली म्हणजे लिडिया, दुसरी कोण?

"पहिली कोण, आजोबा?"

व्हर्न काकांचे कान लाल झाले. ते केंड्राकडं बघतच नव्हते. ते पहिल्या रांगेकडं, सरळ डार्लीनकडं बघत होते.

"तू सांगितलंस हिला," ते म्हणाले.

इतकंच. पण माईक पाद्रीबाईंच्या गळ्यात होता आणि त्या शेजारीच उभ्या होत्या, त्यामुळं ते भट्टीपाशी उभ्या असलेल्या पोरांपर्यंत गेलं. केंड्राचा चेहरा उतरला. तिनं आईकडं बघितलं आणि मान डोलावली. वचन सुटलं.

"काय सांगितलं?" बर्निस काकूनं विचारलं.

डार्लीन उभीच होती. तिला वाटलं होतं, वेळ आली तर आपण ओरडू. पण आवाज बसमधल्या पोरांना खाली बसा म्हणताना निघतो तसाच निघाला, मोठा आणि सपाट.

"एझ्राची पहिली बायको मेली नव्हती. तिचं नाव केझाया. त्यानं तिला गुरांच्या बाजारात विकलं, कडेवरच्या लेकीसकट. तो जहाजाचा दोर नाही. तिच्या गळ्यातलं दावं आहे. घरातल्या थोरल्या पुरुषाला हे सांगतात. व्हर्न काकांना माहीत होतं. माझ्या आईपुढं पेटी आणून ठेवली तेव्हाही माहीत होतं."

डिलननं आपल्या मुठीकडं बघितलं आणि मूठ उघडली. दोर गवतात पडला.

"जुनी गोष्ट आहे ही," काका म्हणाले. "तेव्हाची माणसं..." वाक्य कुणी उचललं नाही. मग ते दोर उचलायला वाकले. ऐंशीच्या पुढचा माणूस, गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. एरवी दहा जण धावले असते.

बर्निस काकू पुढं आली आणि तिनं दोरावर पाय ठेवला. चर्चला घालायचे पांढरे बूट होते.

"व्हर्न," ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी तुला हे कधी सांगितलं?"

"बर्निस, लोक बघतायत."

"आपल्या लग्नाआधी, की नंतर?"

काका वाकलेलेच राहिले. त्यांचा हात तिच्या बुटापाशी होता.

"मी एवढंच विचारतेय. मी तिथं उभी होते, एकोणीस वर्षांची. माझ्या हातात हे घातलं, टोक तुझ्या मुठीत, आणि तू माझ्याकडं बघून हसलास. आधी, की नंतर?"

"आधी," काका म्हणाले. "आदल्या दिवशी."

काकूनं मान डोलावली. तिनं पर्स डार्लीनच्या हातात दिली, वाकून दोर उचलला आणि पाद्रीबाईंना म्हणाली, "चालू द्या तुम्ही. पोरांना ताटकळत ठेवू नका. ह्याच्यावाचून काही अडत नाही."

मग ती खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं निघाली. लोकांनी पाय आत घेऊन वाट दिली. मागं पाद्रीबाईंनी घसा साफ केला, केंड्रानं डिलनचे दोन्ही हात धरले, नुसते, आणि लग्न लागलं. डार्लीन रडत होती आणि राग अजून तसाच होता. दोन्ही एकदम चालू होतं.

टाळ्या वाजल्या तेव्हा तिनं मान वळवून बघितलं. बर्निस काकू निळ्या झग्यात डुकरांच्या वाड्यापाशी उभी होती. तिनं फास खांबाच्या खिळ्यात अडकवला, टोक फाटकाच्या पट्टीला गुंडाळलं, दोन गाठी मारल्या आणि ओढून बघितलं. फाटक पक्कं बसलं होतं.